न बुडणारी घटका

ही गोष्ट घड्याळं यायच्याही आधीची. खाडीच्या वळणावर, जिथे रोज पहाटे धुकं पाण्यावर लोळत पडायचं, तिथे एक गाव होतं, आणि त्या गावाची वेळ एका तांब्याच्या भांड्यात राहायची.

हो हो, भांड्यातच! वाटीएवढं ते भांडं, आणि त्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ते अलगद सोडायचं. भोकातून पाणी हळूहळू आत यायचं, भांडं जड व्हायचं आणि शेवटी ‘डुबुक’ करून तळाशी जायचं. म्हणजे भरली एक घटका, आताची चोवीस मिनिटं. मग घंटेवर टोला द्यायचा, भांडं उपसून रिकामं करायचं आणि पुन्हा पाण्यावर सोडायचं. दिवसभर हेच आणि रात्रभरही हेच.

हे काम करणाऱ्या माणसाचं आईबापांनी ठेवलेलं नाव सगळे विसरून गेले होते. गाव त्याला घटकोबा म्हणायचं. त्याच्या घंटेवर चुलीवरचा भात उतरायचा, त्याच्या घंटेवर लग्नं लागायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्या घंटेवर होड्या सुटायच्या. खाडी पार करायची तर भरतीतच, नाहीतर मधल्या चिखलात होडी रुतलीच म्हणून समजा. पण धुक्यात पाणी कुठवर चढलंय ते दिसणार कसं? म्हणून नावाडी पाण्याकडे बघतच नसे. तो कान घंटेकडे लावून बसायचा.

पूर्वी दिवसा घटकोबा असायचा आणि रात्री त्याचा म्हातारा जोडीदार. जोडीदार थकला, काम सोडून लेकीकडे राहायला गेला. तेव्हा पाटील म्हणाले, “घटकोबा, रात्रीसाठी नवा माणूस बघू या.”

घटकोबा हसला. “कशाला पाटील? झोप ही पोरांची चैन. मोठ्या माणसाला चार घटका पाठ टेकली की बस! तेवढा वेळ बायको भांड्याकडे बघेल. बाकी दिवस माझा, रात्रही माझी.”

गावची सुईण येसाक्का तिथेच पान जुळवत बसली होती. ती म्हणाली, “चार घटका म्हणजे डुलकी रे बाबा, झोप नव्हे. तान्हं मूल दिवसरात्र झोपतं, पोरं रात्रभर झोपतात, आणि तुझ्यामाझ्यासारख्यांना वीसेक घटका तरी लागतात. अठराच्या खाली गेलास की शरीर कुरकुरायला लागतं.”

“तुमचं शरीर कुरकुरत असेल, आक्का,” घटकोबा म्हणाला. सगळे हसले.

आणि गावाला काय हो, कौतुक करायला काय लागतं? भर चावडीत घटकोबाला शाल पांघरली आणि ‘निद्राजित’ अशी पदवी दिली. निद्राजित म्हणजे झोपेला जिंकणारा! घटकोबाची छाती अशी फुगली की शाल खांद्यावरून घसरायला लागली.

सुरुवातीला खरंच काही बिघडलं नाही. मग एक दिवस त्यानं ताकात गूळ घातला आणि दुधात मीठ. मग बायकोवर उगाच खेकसला. मग शेजाऱ्याशी बोलता बोलता मध्येच थांबला आणि आपण काय सांगत होतो तेच त्याला आठवेना. डोळ्यांखाली काळं आलं. तरी तो म्हणायचा, “मला काहीही झालेलं नाही!” ते म्हणतानाही जांभई येत होती.

आणि गंमत बघा. आता त्या चार घटकांतही त्याला झोप येईना. झोप बिचारी आधी रोज यायची, दारापाशी घुटमळायची आणि घंटेच्या टोल्यानं दचकून माघारी फिरायची. किती दिवस असा अपमान सहन करणार? शेवटी ती फिरकेनाशी झाली. घटकोबा डोळे गच्च मिटून पडायचा, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढेही ते तांब्याचं भांडं तरंगतच असायचं.

बायकोनं काय काय करून पाहिलं! दुधात जायफळ उगाळून दिलं, खसखशीची खीर केली. शेवटी ती रोज काशाची वाटी घेऊन घंटेच्या खोपटात यायची आणि त्याच्या तळपायांना तूप लावून त्या वाटीनं घासत बसायची. थोड्या वेळानं हळूच विचारायची, “लागली का हो झोप?”

“लागतच होती! तू विचारलंस आणि उडाली!”

“बरं बाई, नाही विचारत.” ती गप्प बसायची, आणि तिच्या त्या गप्प बसण्यानंही त्याला जाग यायची.

अशातच पलीकडच्या काठावरून निरोप आला. घटकोबाची एकुलती एक लेक शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला निघाली होती. दिवस भरत आले होते. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाची घंटा झाली की भरती पुरती चढलेली असेल, तेव्हा तिची होडी सुटायची होती.

“आज तरी कुणाला तरी बसवा हो इथं,” बायको म्हणाली.

“माझ्या लेकीची होडी आणि घंटा दुसरा देणार?” घटकोबा म्हणाला. बायको मुकाट्यानं त्याचे पाय घासून घरी गेली, लेकीसाठी अंथरूण घालायचं होतं ना. घाईत वाटी मात्र घंगाळाशेजारीच राहिली.

पहाट झाली. दाट धुकं खोपटात शिरलं, दिव्याची वात भुरकट झाली. भांडं बुडालं, घटकोबानं टोला दिला. आता एकच घटका, की सूर्योदयाची घंटा! त्यानं भांडं उपसलं, रिकामं केलं, शेजारी ठेवलं, डोळे चोळले, हात पुढे केला आणि पाण्यावर सोडली काशाची वाटी.

आता काशाच्या वाटीला कुठून असणार भोक?

वाटी तरंगू लागली. सुरेख, हलकी, पिवळी. घटकोबा तिच्याकडे बघत बसला. त्याचे डोळे उघडे होते, पण आतला माणूस कधीच कुठेतरी गेला होता. घंगाळाचं पाणी पसरत पसरत खाडीएवढं झालं. वाटीची होडी झाली. होडीत शेवंती बसली होती, पण पाच-सहा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, पाय पाण्यात सोडून. “बाबा, बघा, मी बुडतच नाही!” ती हसत होती. घटकोबाला इतकं बरं वाटलं की बस. किती दिवसांत असं शांत वाटलं नव्हतं. बुडू नकोस गं, तो मनात म्हणाला, अशीच तरंगत राहा.

आणि ती तरंगत राहिली.

गाव थांबलं. बायका चुलीपुढे भाताकडे बघत बसल्या, उतरवू की नको? देवळातला पुजारी आरती हातात धरून घंटेची वाट बघत उभा राहिला. पलीकडच्या काठावर नावाडी वल्हं धरून बसला होता. शेवंतीच्या पोटात कळा सुरू झाल्या, ओठ चावून ती म्हणाली, “दादा, निघू या ना हो.”

“घंटा नाही झाली अजून, पोरी,” नावाडी म्हणाला. “घटकोबांची घंटा कधी चुकायची नाही.”

भरती मात्र घंटेसाठी थांबत नाही. ती चढली, घटकाभर टेकली आणि उतरायला लागली. काठावरचा ओला पट्टा रुंद होताना दिसला तेव्हा नावाडी चपापला. त्यानं होडी लोटली, जीव तोडून वल्हं मारलं, पण अर्ध्या वाटेत होडीच्या तळाला चिखल लागला. खर्रर्र! होडी जागच्या जागी रुतली. भोवती नुसतं धुकं, आणि त्या धुक्यात शेवंतीची किंकाळी.

इकडे बायको धावत खोपटात आली. “अहो, घंटा का नाही दिली?”

“घटका भरली नाही अजून,” घटकोबा स्वप्नातल्यासारखा हसला. “बघ ना, बुडतच नाहीये.”

बायकोनं वाकून पाहिलं आणि वाटी पाण्यातून उचलली. “अहो, ही माझी काशाची वाटी आहे! ही जन्मात बुडायची नाही!”

तेवढ्यात खाडीवरून ती किंकाळी आली. घटकोबा खडबडून जागा झाला. क्षणभर त्याला काही सुधरेना, आणि मग सगळं एकदम उमगलं. त्यानं घंटा बडवायला सुरुवात केली. वेळ सांगणारा एकेक टोला नाही, नुसता गलका. गाव धावत काठावर आलं.

मग लोकांनी काय केलं? घरांची दारं उचकटली, पाट आणले, फळ्या आणल्या, आणि चिखलावर एकापुढे एक टाकत वाट केली. येसाक्का त्या डगमगत्या वाटेवरून धुक्यात शिरली. घटकोबाला फळीसुद्धा सुचली नाही, तो कमरेएवढ्या चिखलात तसाच घुसला. प्रत्येक पाऊल उपसताना तो म्हणत होता, “माझी लेक, माझी लेक.” पुढे धुक्यातून शेवंतीचं कण्हणं येत होतं. मग तेही थांबलं. आयुष्यभर वेळ मोजणाऱ्या त्या माणसाला तेवढा वेळ काही केल्या मोजता आला नाही.

आणि मग धुक्यातून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं. पाठोपाठ येसाक्काचा आवाज आला, “मुलगी झाली रे घटकोबा! दोघी धडधाकट आहेत!”

घटकोबा तिथेच चिखलात बसला आणि ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी तो चावडीवर गेला. शाल पाटलांपुढे ठेवून म्हणाला, “ही घ्या. मी झोपेला जिंकलं नव्हतं, नुसतं हाकलून दिलं होतं. काल माझी लेक आणि नात गेली असती.”

पाटलांनी शाल उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, “चूक तुझ्या एकट्याची नाही. आम्ही तुला शाल दिली, जोडीदार दिला नाही. टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन झोपलो.” त्याच दिवशी रात्रीच्या पाळ्या लागल्या. आज कुंभार, उद्या माळी, परवा खुद्द पाटील.

पण रुसलेली झोप पाळ्या लावल्या म्हणून थोडीच परत येते? घटकोबा अंथरुणावर पडायचा आणि तिच्यामागे हात धुऊन लागायचा. आता झोपलंच पाहिजे! आता तरी! अजून नाही? तो जितका हट्ट धरी, तितकी ती लांब जाई. शेवटी त्यानं येसाक्कापुढे हात टेकले.

येसाक्कानं विचारलं, “तुझं भांडं लवकर बुडत नाही म्हणून कधी बोटानं दाबलंस का रे?”

“छे छे! दाबलं तर वेळच खोटी होईल.”

“मग झोपेला कशाला दाबतोस? रोज त्याच घंटेला दिवा बारीक कर, अंथरुणावर पड आणि सोडून दे. ती भरेल तेव्हा भरेल.”

घटकोबाला हसू आलं. तसंच करायला लागला. पहिल्या रात्री नुसता पडून राहिला. पुढे पहाटे थोडा डोळा लागला. मग रोज थोडी थोडी जास्त. दुधातली साखर दुधातच पडू लागली, बायकोशी बोलणं गोड झालं.

बाराव्या दिवशी नातीचं बारसं होतं. मुहूर्त दिवेलागणीचा. आणि त्या गावात मुहूर्त म्हणजे मुहूर्त, लग्नातल्या नवऱ्या मुलासाठीसुद्धा तो कधी थांबलेला नव्हता. बायका जमल्या, घुगऱ्या वाटायला काढल्या. घटकोबा पाळण्याची दोरी हातात धरून नातीला झोके देत होता. झोके देता देता मान कलली, तोंड किंचित उघडलं, आणि निद्राजित घोरायला लागला. नात मात्र टक्क जागी होती, आढ्याकडे बघून मुठी हलवत होती.

बायको त्याला हलवायला पुढे झाली. शेवंतीनं तिचा हात धरला. “आई, उठवू नकोस.”

“अगं, पाळणा म्हणायचाय, मुहूर्त टळेल!”

“टळू दे.”

खोपटातून पाळीवर बसलेल्यानं मुहूर्ताचा टोला दिला. सगळ्यांनी श्वास रोखून घटकोबाकडे पाहिलं. पापणीसुद्धा हलली नाही. मग जमलेल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या, पदरात घुगऱ्या घेतल्या आणि पैंजण हातानं दाबून, चवड्यांवर चालत घरी गेल्या. शेवंतीनं बाबांच्या हातातली दोरी सोडवली आणि अंगावर गोधडी घातली.

घटकोबाला जाग आली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. तो धडपडत उठला. “मुहूर्त? मुहूर्त काय झाला गं?”

“गेला,” शेवंती म्हणाली.

“आणि नाव?”

“राहिलं. आज ठेवू.” तिनं बाळ त्याच्या मांडीवर दिलं. “मुहूर्त रोज येतात, बाबा. तुम्ही असे गाढ झोपलेले मात्र आम्हाला कित्येक दिवसांत दिसला नव्हतात. आई आणि मी रात्रभर तुमच्याकडे बघत होतो.”

तात्पर्य विचाराल, तर एवढंच: पुरेशी झोप मोठ्या माणसालाही लागते, आणि जो आपल्यासाठी जागतो त्याला शाल देण्याआधी झोपायला वेळ द्यावा.