शशिकांत निगडेचे शेवटचे शब्द

"...पण जो भ्याला, त्याला शूर कसं म्हणायचं, महाराज?"

केशवगिरी महाराज मठीच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोण भ्याला?"

प्रश्न विंग कमांडर जयवंत रणदिवेंचा होता. वय बहात्तर, पाठ अजून ताठ. हवाई दलातून निवृत्त झाल्यापासून वीस वर्षं ते ही टेकडी चढून महाराजांकडे येत होते. प्रश्न आणायचे ते मोठमोठे, आत्म्याचे, मोक्षाचे. उत्तर पटलं नाही तर वादही घालायचे. आज मात्र त्यांचा आवाज खाली उतरला होता.

"शशिकांत निगडे," ते म्हणाले. "खालच्या गावातलाच."

ते नाव महाराजांना ठाऊक होतं. एकाहत्तरच्या लढाईत, तेविसाव्या वर्षी, विमानासकट गेलेला पोरगा. रणदिवे त्याचे अधिकारी. दर डिसेंबरात ते गावच्या शाळेत येऊन त्याची गोष्ट सांगायचे. गोष्ट त्याच्या शेवटच्या शब्दांपाशी संपायची. 'जय हिंद, सर.' ते ऐकून शाळा उभी राहायची.

आता गावाने शाळेपुढे त्याच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं होतं. तेच शब्द कोरायचे होते. पाथरवट मजकूर मागत होता.

"आणि माझ्या हातून तो लिहून होईना," रणदिवे म्हणाले.

"का?"

"तो तसं म्हणालाच नव्हता."

महाराजांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"आम्ही दोघंच होतो," रणदिवे सांगू लागले. "दोन विमानं. पूल पाडून परत निघालो होतो. माझ्या विमानाला मार बसला होता. त्याच्या विमानाला ओरखडासुद्धा नव्हता. तेवढ्यात मागून त्यांची तीन विमानं आली. मी म्हटलं, निगडे, माझी वाट पाहू नकोस, वेग घे आणि घरी जा. तो जाऊ शकला असता, महाराज. सहज."

"मग?"

"आम्ही रेडिओवर इंग्रजीतच बोलायचो. तसा नियमच होता. पण त्या वेळी तो मराठीत बोलला. गावाकडचं मराठी. म्हणाला, 'सर, भ्या वाटतंय. तुम्ही सरळ जावा.'"

"आणि?"

"आणि वळला. त्या तिघांच्या तोंडावर."

"आवाज कापत होता त्याचा," रणदिवे म्हणाले. "माझ्या हाताखालच्या मुलाचा आवाज कापत होता, हे मी लोकांना कसं सांगणार? म्हणून मी त्याच्या तोंडी दुसरे शब्द घातले."

महाराजांनी विचारलं, "तुला वाटली होती भीती?"

"मला?" रणदिवेंची मान आपसूक वर झाली. "नाही. आयुष्यात कधीच नाही."

"विमान वळत होतं तुझं?"

"...जड झालं होतं. पण वळलं असतं."

"मग तू काय केलंस?"

रणदिवेंची वर झालेली मान खाली आली.

"मी सरळ गेलो."

...

महाराज उठले. ऐंशी पार केलेलं शरीर, गुडघ्यावर हात देत उठले. रणदिवेंसमोर आले, आणि देवळाच्या उंबऱ्याला लावावा तसा त्यांनी रणदिवेंच्या उजव्या कानाला हात लावून तो आपल्या कपाळी नेला. मग डाव्या कानाला.

रणदिवे खिळून उभे राहिले. "हे काय, महाराज?"

"इथनं ऐकलंस ना त्याला?" महाराजांनी पायांत वहाणा सरकवल्या. "त्याची आई आहे ना अजून? चल."

तानूबाई निगडे गावाच्या कडेला राहत. वय पंच्याऐंशी. अंगणात उन्हाला पाठ करून बसल्या होत्या. महाराज टेकडी उतरून दारी आलेले पाहून त्यांनी पदर सावरला.

"साहेबांना काही सांगायचंय," महाराज म्हणाले आणि पायरीवर बसले.

रणदिवे अंगणाच्या कडेलाच थांबले. त्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज दुसरीकडेच बघत होते.

मग ते पुढे झाले, म्हातारीसमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पूल, तीन विमानं, आपण सरळ निघून आलो ते. काही गाळलं नाही.

तानूबाई ऐकत राहिल्या. शेवटी एकच विचारलं.

"कसं म्हनला? भीती वाटती म्हनला?"

"नाही. 'भ्या वाटतंय' म्हणाला."

म्हातारीने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि चाळीस वर्षांपूर्वी एका तारेने नेलेला तिचा मुलगा जणू आत्ता चालत अंगणात आला.

"मग त्यो शशाच," त्या हळू म्हणाल्या. "ते जय हिंद ऐकलं की मला वाटायचं, ह्यो कुणाचा दुसऱ्याचाच पोरगा सांगत्यात. न्हानपनी रातचं वासरू ओरडलं की हाक मारायचा मला. आये, भ्या वाटतंय. मी उठून बघती तर अंथरून मोकळं. गोठ्यात जाऊन वासराला धरून बसल्यालं असायचं. अंगाला नुसता थरकाप."

त्यांनी हात पुढे केला. रणदिवेंच्या पांढऱ्या केसांवर ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

"लई वर्सं एकल्यानं जपलंत, साहेब."

रणदिवेंची ताठ पाठ वाकली. ते रडले. म्हातारीने त्यांना रडू दिलं.

"आणि दगडावर काय लिहू?" त्यांनी मान खाली घालूनच विचारलं.

"बोलला तेच लिवा. पोरांनी वाचू द्या."

परत निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शाळेवरून वाट जात होती. पाथरवटाने दगड घासून ठेवला होता, अजून कोरा. रणदिवेंनी त्याला खिशातल्या कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. त्याने त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि डोक्याची टोपी काढली.

टेकडीच्या पायथ्याशी रणदिवे थांबले.

"महाराज, वीस वर्षं मी तुमच्याकडे येतोय. भीत भीतच पुढं व्हायचं असतं, हे तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत."

महाराज दम खात उभे होते. वरचं रिकामं आकाश त्यांनी एकदा पाहून घेतलं.

"मला तरी कुठं येत होतं?"