तुळाजीबाबांचा खिळा

फार फार वर्षं झाली. बोरखिंडीत तेव्हा सडक नव्हती, नुसती घोडवाट होती. घाटाच्या पायथ्याशी तुळाजी नावाचा एक घोडीवाला राहायचा. त्याच्याकडे एकच घोडी, पाखरी. वाणसामान, म्हातारी माणसं, आजारी माणसं, सगळं तिच्याच पाठीवरून खिंड चढायचं. नुसत्या टापांच्या आवाजावरून कुठल्या पायाची नाल हलतेय ते तुळाजीला घरात बसून कळायचं, असं म्हणतात.

त्याची एकुलती लेक गजरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बापाला कोण आनंद! त्याच सुमारास पाखरीच्या पुढच्या पायाची नाल खिळखिळी झाली. बाजाराच्या दिवशी पेठेतला हुसेन नालबंद आपणहून दारात आला, हातोडा काढून बसलासुद्धा. पण तुळाजीची बायको हौसा आडवी आली.

"पोटुशी लेक आहे घरात. खिळा ठोकायचा नाही म्हणजे नाही!"

"वहिनी, घोडी ओढ्यापाशी नेतो, तिकडं ठोकतो," हुसेन म्हणाला.

"घोडी घरचीच ना रे?" तुळाजी म्हणाला. "मग कुठंही ठोकला तरी खिळा घरचाच. राहू दे. पोरगी मोकळी झाली की बोलावतो."

त्यात त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! तेव्हा रीतच तशी होती. घरात गरोदर बाई असताना खिळा ठोकला तर बाळाला बाधतो, असं सगळेच मानत. हुसेननं हातोडा पिशवीत टाकला आणि तो निघून गेला.

मग एके दिवशी पहाटे गजराला कळा सुरू झाल्या. ऊन चढलं तरी सुटका होईना. मूल आडवं आलं होतं. असलं अवघड बाळंतपण सोडवणारी सुईण एकच, खिंडीपलीकडची भागाई, आणि ती इतकी थकलेली की घोडीवर बसवूनच आणावी लागे. तुळाजी पाखरीवर मांड टाकून निघाला, पण ओढ्यापाशीच नाल लटकायला लागली. तशीच दामटावी, तर सुटलेला खिळा खुरात घुसणार, घोडी घाटात बसणार आणि सुईण तिकडंच राहणार. तो माघारी फिरला. शेजाऱ्याला हुसेनकडे पिटाळलं आणि पेठेच्या वाटेकडे डोळे लावून बसला. आतून पोरगी हाका मारत होती, "आबा, आली का हो भागाई?"

"येतेय गं बाई, येतेय," बाप म्हणायचा, आणि पुन्हा वाटेकडे बघायचा.

शेजारी एकटाच परतला. हुसेन कुठल्या लांबच्या गावाला गेला होता. मग मात्र तुळाजीनं पटाशी आणि सांडशी घेतली. खिळ्यांची वळलेली टोकं सरळ केली, खुराचा टवका निघू नये म्हणून एकेक खिळा जपून उपसला आणि नाल उतरवली. पण उघड्या खुराला घाटातला दगड कसा सोसणार? त्यानं स्वतःच्या वहाणांचं कातडं कापून खुराखाली धरलं, डोक्याचं मुंडासं फाडून वरून घट्ट आवळलं आणि लगाम धरून अनवाणी निघाला.

काय ते दगड, नुसत्या सुऱ्या! तुळाजीचे तळवे फाटले, पण तो थांबला नाही. असं म्हणतात, की ज्या दगडांवर त्याचं रक्त सांडलं त्यांनी आपली धार टाकली आणि ते पाखरीच्या पायाखाली लोण्यासारखे मऊ झाले. येताना खुराचं कातडं झिजून गळून पडलं, तरी भागाईला पाठीवर घेतलेली ती घोडी एकदाही अडखळली नाही.

दिवेलागणीला ती अंगणात पोचली. भागाईनं मूल सोडवलं. मुलगी झाली, टाहो फोडून रडलीसुद्धा. गजरानं तिला पाहिलं, मग बापाच्या पायांकडे पाहिलं. "आबा, किती लागलंय हो तुम्हाला," एवढंच म्हणाली. तिच्या अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. थोड्याच वेळात ती गेली.

"सकाळी आणलं असतंस तर वाचली असती रे," भागाई म्हणाली. मला विचाराल तर म्हातारीनं हे बोलायला नको होतं. पण ती बोलून गेली, आणि तुळाजीच्या काळजात ते रुतलं ते रुतलंच.

दुसऱ्या दिवशी हुसेन धावत आला. दारातली माणसं पाहून काय झालं ते त्याला कळलं. तुळाजीनं पाखरीला त्याच्यापुढं उभं केलं. "ठोक बाबा, आता ठोक," तो म्हणाला, आणि दोघंही पोरासारखे रडले.

पुढं तुळाजीनं पायात वहाण घातली नाही. नातीला कडेवर घेऊन तो घाटाच्या तोंडाशी बसायचा. ढिल्या नालेचा घोडा दिसला की लगाम धरायचा, नाल उतरवायचा, खूर बांधायचा आणि नालबंद येईपर्यंत जनावराजवळून हलायचा नाही. कुणी मिजासखोर स्वार चिडला तर त्याच्यापुढं हात जोडायचा. तो कधी गेला ते कुणाला आठवत नाही. पण त्यानंतरही दाट धुक्यात घोडा लंगडला की एक अनवाणी म्हातारा पुढं यायचा, आणि धुकं विरेपर्यंत खूर बांधलेला असायचा, असं म्हणतात.

आता बोरखिंडीत घोडी राहिली नाहीत. डांबरी सडकेवरून गाड्या जातात. पण त्या गावात लेक बाळंतपणाला माहेरी आली, की बाप आधी घरातलं ढिलं शोधतो. दाराची बिजागरी असो, खाटेचा पाय असो, काहीही. लेकीला समोर बसवतो आणि खिळा ठोकतो. परगावच्या बायका हे ऐकून कानांवर हात ठेवतात. ठेवू देत! शेवटचा घाव घातला की इथला बाप हातोडा खाली ठेवतो, घाटाकडे तोंड करतो आणि म्हणतो, "तुळाजीबाबा, ठोकला हो खिळा. आता तुम्ही निजा."