उंबऱ्यावरचा नारळ

ठक् ठक्. ठक् ठक्.

लाकडावर लाकडी हातोडा पडतो, तसा तो आवाज. खाडीच्या पाण्यावरून येता येता तो थोडा ओला झालेला होता. मी फार लहान होतो. ज्या म्हाताऱ्याच्या शेजारी मी बसलो होतो, तो म्हणाला, "कोणाची तरी होडी परत उभी राहतेय." मग त्यानं मला ही गोष्ट सांगितली. मी शाळेत फारसा गेलो नाही, म्हणून जशी ऐकली तशीच सांगतो. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

राज्य कुठल्या राजाचं होतं ते आता कोणालाच आठवत नाही, इतक्या पूर्वी एका खाडीच्या काठी कोळ्यांचं एक गाव होतं. गावात एक वखार होती. तिच्यात होड्यांच्या फळ्या रचून ठेवलेल्या असत. पाऊस सरला, समुद्र निवळला, की प्रत्येक होडीवाला वखारीत एक चांगली फळी आणून देई. वर्षाला एक. मग ज्याची होडी वादळात फुटे, त्याला लागतील तेवढ्या फळ्या वखारीतून मिळत. दहा लागल्या तर दहा, तीस लागल्या तर तीस. ज्याची होडी कधी फुटलीच नाही, त्याच्या फळ्या दुसऱ्याला लागत. त्याबद्दल कोणी कुरकुरत नसे. खाडीवरून ठक् ठक् ऐकू आलं की बायका एकमेकींना म्हणत, "आपली फळी बसतेय बघ."

वखार सांभाळणाऱ्या माणसाला सगळे वखारकाका म्हणत. माणूस सरळ होता.

जितके जास्त होडीवाले वखारीत फळी देणार, तितकी वखार भरलेली. म्हणून नवे होडीवाले यायला हवेत. पण त्यासाठी जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. फुटलेली होडी दुरुस्त होऊन पाण्यात उतरली, की काकांनी तिच्या मालकाला एकदाच विचारायचं, "तुला आणखी कोणाच्या होडीची काळजी वाटते का?" वाटत असेल, तर त्यानं आधी स्वतः त्या माणसाकडे जायचं आणि विचारायचं, "वखारकाकांना तुझ्या दारी पाठवू का?" तो हो म्हणाला तरच काकांनी जायचं. नको म्हणाला, तर काकांनी त्याच्या वाटेला जायचं नाही.

आणि नाव सांगणाऱ्याला काही द्यायचं नाही. नारळ नाही, सुपारी नाही, चिमूटभर तंबाखूसुद्धा नाही.

का द्यायचं नाही, ते जुन्यांनी सांगून ठेवलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल, एवढं तर कळेलच.

त्या गावात एक बाई होती. तिचा नवरा वारला आणि त्याच वर्षी तिची होडी खडकावर फुटली. पदरात दोन मुली. वखारीतून तिला बावीस फळ्या मिळाल्या, होडी उभी राहिली, गावातल्या दोघांनी ती चालवायला घेतली. मासळीचा वाटा घरी येऊ लागला. बाई फार बोलायची नाही. पण बाजारात तिनं "मासा ताजा आहे" म्हटलं, की लोक कल्ले उघडून बघत नसत.

तिची होडी पाण्यात उतरली त्या दिवशी काकांनी रीतीप्रमाणे विचारलं. ती म्हणाली, "धाकटा भाऊ आहे माझा, पलीकडच्या काठाला. एकच होडी आणि खाणारी पाच तोंडं. तो वखारीत नाही, काका. वारा सुटला की माझा घास घशात अडकतो."

"विचारून बघ त्याला," काका म्हणाले. "घाई नाही."

तिनं विचारलं. भाऊ हसला. "अक्का, समुद्रानं मला आजवर काही केलं नाही."

"मलाही केलं नव्हतं. केलं त्या दिवसापर्यंत."

"आणि दरवर्षी दिलेली फळी फुकट गेली तर?"

"जाऊ दे की. फुकट गेली म्हणजे तुझी होडी शाबूत आहे. मी साखर वाटीन."

"पुढच्या वर्षी बघू," भाऊ म्हणाला. पुढच्या वर्षीही तो तसंच म्हणाला. ती रागावली नाही. वर्षातून एकदा होडीनं पलीकडे जायची, एकदा विचारायची, भाच्यांना जवळ घ्यायची आणि परत यायची.

तिसऱ्या वर्षी मोठं वादळ झालं. एकाच दिवसात अकरा होड्या फुटल्या. काकांनी अकराही जणांना फळ्या दिल्या. पंधरा दिवस खाडी ठक् ठक् करत राहिली. पण वखार रिकामी झाली. काका आत उभे राहिले की त्यांचा खोकला त्यांनाच परत ऐकू येई. आणखी एक वादळ आलं तर? या विचारानं ते वाळू लागले.

काकांच्या परसात नारळाची सात झाडं होती. एकानं आपल्या शेजाऱ्याचं नाव सांगितलं, तेव्हा निघताना काकांनी त्याच्या हातात एक नारळ ठेवला. "वखारीचा नाही हो," ते म्हणाले, "माझ्या परसातला आहे. मानाचा." वखारीला हात लावला नाही, मग रीत कुठे मोडली, असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावणं फार सोपं असतं, बाळांनो.

आठ दिवसांत गावभर झालं. नाव सांगा, नारळ घ्या. मग काय विचारता! काकांच्या अंगणात नावं घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली.

"काका, माझ्या साडूचं नाव घ्या."

"त्याची होडी आहे का?"

"होती की."

"आणि आता?"

"आता तिच्यात कोंबड्या बसतात. पण होडी ती होडीच ना! द्या नारळ, जरा मोठा बघून द्या."

अंगण हसलं. काकाही हसले, आणि नारळ दिला.

आधी जाऊन विचारायचं कोणी लक्षात ठेवलं नाही. काका दारात उभे राहिले की माणसं म्हणत, "माझं नाव तुम्हाला कोणी सांगितलं? त्यानं? काल तर माझ्याशी बांधावरून भांडत होता!" काही जण दार लावून घेत. काही जण भिडेखातर एखादी फळी देत, पण ती पोखरलेली, पावसात कुजलेली, चुलीत घालायला काढलेली. ते बघून बरेच जुने होडीवालेही तसल्याच फळ्या आणू लागले. काका त्या रचून ठेवत. लांबून वखार भरलेली दिसू लागली.

बाई एकदा मुद्दाम आली. म्हणाली, "काका, हे बरं नाही."

"अगं पोरी, मानाचा नारळ आहे. मानाला कोणी नको म्हणतं का?"

"मान द्यायचा तर सणाला द्या, सगळ्यांना द्या. नाव सांगितल्यावर दिलात, तर तो मान कसला?"

"वखार भरतेय ना?" काका म्हणाले.

ती घरी गेली.

आणि नेमकं त्याच दिवसांत भावाचं मन वळलं. बहीण पलीकडे गेली तेव्हा त्यानंच विषय काढला. "अक्का, अकरा होड्यांचा आवाज मी पंधरा दिवस ऐकला. एवढी माणसं एकमेकांच्या फळ्यांवर उभी राहिली. परवा सकाळी मी फळी घेऊन तुझ्याकडे येतो. तिथून दोघं वखारीत जाऊ."

तिनं तोंडाला पदर लावला. परतताना काकांना सांगितलं, "परवा भाऊ येतोय. आणि हे बघा काका, मला काही नको."

"नाही देत बाई, नाही देत," काका म्हणाले.

पण काकांना आनंद झाला होता. इतक्या दिवसांनी एक खरी होडी येत होती, चांगल्या घरची, चांगल्या हातांची. त्या सकाळी ते परसात गेले, सगळ्यात मोठा नारळ निवडला, असोला, सालीसकट. त्याला कुंकवाचं बोट लावलं. बाई मुलींना घेऊन विहिरीवर गेली होती. काकांनी नारळ तिच्या उंबऱ्यावर ठेवला आणि ते हसत हसत वखारीकडे गेले, दोघांची वाट बघायला.

भाऊ आधी पोचला. त्याच्या खांद्यावर फणसाची फळी होती, पिवळीधमक, स्वतः रंधा मारून गुळगुळीत केलेली. दार बंद होतं. उंबऱ्यावर कुंकू लावलेला नारळ होता. असे नारळ गावात किती घरी गेले होते, ते त्याला ठाऊक होतं.

बहीण डोक्यावर हंडा घेऊन आली. भाऊ उभाच होता.

"अक्का, हा माझ्या नावाचा का?"

तिनं नारळ पाहिला. हंडा तिनं कसाबसा खाली ठेवला. "मी नको म्हटलं होतं रे. तुझ्या गळ्याची शपथ."

"तू नको म्हटलंस. पण आला ना?"

"मी तीन वर्षं तुला सांगतेय. तेव्हा कुठे होते नारळ?"

"तेव्हा नव्हते. आता आहेत." त्यानं फळी पुन्हा खांद्यावर घेतली. त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "माझी मुलं चिडवतात मला. म्हणतात, बाबा, आत्याला तुमचे किती नारळ मिळणार? मी त्यांना मारलं काल."

तो पिवळी फळी घेऊन होडीत बसला आणि पलीकडे गेला.

काकांना कळलं तसे ते होडी घेऊन त्याच्यामागे पलीकडे गेले. चूक माझी, म्हणाले. हात जोडले. भावानं त्यांना पाणी दिलं, बसायला दिलं.

"काका, तुम्ही वाईट नाही," तो म्हणाला. "पण अक्का काळजीनं सांगत होती की नारळासाठी, हे आता मला कसं कळावं? तिनं जीव तोडून सांगितलं तरी कसं कळावं?"

काका तसेच परत फिरले.

बाईनं तो नारळ फोडला नाही, फेकलाही नाही. माळ्यावर ठेवून दिला.

पुढच्या पावसाच्या तोंडावर वादळ आलं. भावाची होडी फुटली. तो पोहत काठाला लागला, होडीचं मात्र सरपण झालं. बहीण वखारीकडे धावली. "काका, माझ्या आजवरच्या फळ्या त्याला द्या. पुढच्या सगळ्या द्या. मी लिहून देते, अंगठा देते."

अंगणात माणसं जमली. ज्यांनी कुजक्या फळ्या दिल्या होत्या, तेच पुढे होते. "त्यानं एक तरी फळी दिली होती का? मग कशी मिळणार? आमच्याही होड्या फुटल्यात!"

काकांनी कोणाचं ऐकलं नाही. वखार उघडली आणि वरची फळी ओढली. त्यांची बोटं लाकडात आरपार गेली. दुसरी ओढली. तिचा भुगा झाला. वखार आतून अशीच होती, वरपासून खालपर्यंत. त्या दिवशी कोणालाच फळ्या मिळाल्या नाहीत.

भाऊ बायकामुलांना घेऊन दूरच्या बंदरात निघाला, दुसऱ्याच्या होडीवर वल्ही मारायला. जाताना बहिणीच्या दारावरून गेला. पिवळी फळी तेवढी धड राहिली होती. ती त्यानं तिच्या भिंतीला टेकवली. "मुलींना बसायला होईल," म्हणाला. एका फळीची होडी होत नाही.

तो पुन्हा आला नाही.

त्यानंतर लोक वखारीत फळी देईनासे झाले. काकांनी कोणाला विचारलं, की माणसं हसून म्हणत, "यंदा किती नारळ, काका?" बाईनं बाजारात मासा ताजा म्हटला, तर लोक कल्ले उघडून बघू लागले. वादळं येत राहिली. खाडीवरून आवाज येईनासा झाला.

दोन वर्षांनी काका, अगदी वाकलेले, बाईच्या अंगणात आले. ती पिवळ्या फळीवर बसून जाळं विणत होती. काका समोर मातीतच बसले.

"पोरी," ते म्हणाले, "मी नारळाची झाडं तोडून टाकली. सातही. आता तू एकदा लोकांशी बोल. चार घरांत जा. तुझं ऐकतील. तुझं नेहमी ऐकायचे."

गोष्टीचं सार मी इथेच सांगून ठेवतो, कारण शेवट सांगितला की मला पुढे बोलवत नाही. काळजीनं सांगितलेल्या शब्दाबद्दल कोणी बक्षीस देऊ लागलं, की त्या शब्दावर कोणाचा विश्वास उरत नाही, आणि खरी गरज पडते तेव्हा तो शब्द कोणालाच वाचवू शकत नाही.

बाईनं जाळं बाजूला ठेवलं. ती आत गेली, माळ्यावरून तो असोला नारळ काढला आणि काकांसमोर मातीत ठेवला. कुंकू केव्हाच उडून गेलं होतं. आतलं पाणी आटून खोबऱ्याचा गोटा सुटला होता, तो ठेवताना एकदा खडखडला. मग ती त्यांच्या शेजारून, चार घरांकडे नाही, खाडीकडे निघून गेली.