धुळाप्पाचं हिरवं लोणी

माळावरच्या एका गावात धुळाप्पा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. घोंगड्या विणायचा. घोंगडी अशी घट्ट विणायचा की पाऊस वरच्या वर अडायचा आणि आत जावं की नाही या विचारात पडायचा. त्याचे हात शहाणे होते. कानही शहाणे होते, सांगितलेलं अक्षर न् अक्षर ऐकायचे. मधलं डोकं तेवढं कोरं राहिलं होतं.

त्याच्या बायकोचं नाव गजरा. तिला तो आवडायचा. सांगितलेलं ऐकणारा नवरा अख्ख्या गावात एकच होता, आणि तो तिच्या वाट्याला आला होता.

एक दिवस गजरा विहिरीच्या पायरीवरून घसरली. उजवा हात मनगटात मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, हात गळ्यात अडकवला आणि सांगितलं, दोन महिने या हातानं काडीसुद्धा उचलायची नाही.

ही बातमी तिच्या बापाला कळली. बाप म्हणजे म्हाळाप्पा. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं निरोप धाडला, "बुधवारी गाडी घेऊन येतो. जावयानं स्वतःच्या हातानं एक वेळचं जेवण करून मला वाढलं, तर पोर तिथं ठेवीन. नाही जमलं, तर गाडीत घालून घेऊन येईन."

गजरा निरोप ऐकून नवऱ्यापाशी आली. ती म्हणाली, "आवं, मी गेले तर तुमचं कसं व्हायचं?"

धुळाप्पा म्हणाला, "पोचवायला येऊ का?"

"पोचवायला नाही! मला जायचंच नाही."

"मग निघालीस कशाला?"

गजरानं डोळे मिटले, उघडले. मग सावकाश म्हणाली, "हे बघा. बाबांना एकच गोष्ट जिवापाड आवडते. निखाऱ्यावर भाजलेले मटणाचे जाड तुकडे, आणि त्यावर ओतायला हिरवं लोणी. माझी आई करायची तसं. मी सांगते तसंच करा, म्हणजे झालं. आपलं डोकं चालवू नका."

"डोकं कुठं चालतं गं? पाय चालतात."

"शाब्बास," गजरा म्हणाली, "तसंच राहू द्या."

धुळाप्पानं उपरण्याच्या टोकाला एक गाठ मारली. काही लक्षात ठेवायचं झालं की तो गाठ मारायचा. पुढं ती गाठ कधी वापरायची हे त्याला कळायचं नाही, पण गाठ पक्की असायची.

बुधवार उजाडला. गजरानं टोपलीत कोथिंबीर ठेवली, पुदिना ठेवला, लसणाच्या चार गड्ड्या, मूठभर हिरव्या मिरच्या. म्हणाली, "आपला पाटा गुळगुळीत झालाय, टाकी लावायची राहिलीय. शेजारी सोनाकाकींकडं जा आणि हे सगळं नीट वाटून या."

"वाटून येतो," म्हणत धुळाप्पा निघाला.

सोनाकाकी दारातच होती. धुळाप्पानं कोथिंबिरीची एक जुडी तिच्या हातात दिली.

"हे काय रे?"

"कोथिंबीर. गजरानं वाटायला सांगितलीय."

"कशाबद्दल?"

धुळाप्पानं विचार केला. घरात नवीन असं काय झालं होतं? मग त्याला आठवलं.

"तिचा हात मोडला."

काकीनं एकदा कोथिंबिरीकडं बघितलं, एकदा धुळाप्पाकडं. "हात मोडला म्हणून वाटतोस?"

"तीच म्हणाली, नीट वाटून या."

"अगं बाई," काकी म्हणाली. पण कोथिंबीर ताजी होती, तिनं ठेवून घेतली.

धुळाप्पा घरोघर फिरला. कुणाला पुदिना, कुणाला लसणाची गड्डी. जिथं माणसं जास्त तिथं मिरच्या जास्त. अन्याय म्हणून कुणावर केला नाही. रिकामी टोपली घेऊन घरी आला आणि म्हणाला, "वाटून आलो. पण पुरलं नाही गं. वरच्या आळीची चार घरं राहिली."

गजरानं टोपलीत बघितलं. मग टोपली उलटी करून बघितली.

"आवं, लोकांना नव्हतं द्यायचं! वाटायचं म्हणजे पाट्यावर ठेवायचं आणि वरवंट्यानं रगडायचं! पार गंध होईस्तोवर!"

"असं होय? मग तसं सांगायचं."

त्यानं दुसरी गाठ मारली.

बरं तर बरं, परसात अजून एक वाफा शिल्लक होता. गजरा म्हणाली, "काकींना विचारून त्यांचा पाटाच इकडं आणा. माझ्या डोळ्यांसमोर वाटा." धुळाप्पानं पाटा डोक्यावर घेऊन आणला. खाली बसला आणि असं वाटलं, असं वाटलं की वाटण बोटाला लागतंय हेही कळेना. हात शहाणेच होते त्याचे.

मग मंद आचेवर पातेलं ठेवलं. त्यात लोण्याचा गोळा सोडला. तो वितळला तसं हिरवं वाटण घातलं. वर लिंबू पिळलं. गजरा म्हणाली, "आता हलवत राहा. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

धुळाप्पा हलवत राहिला. गजरा डाव्या हातानं निखारे सारखे करायला गेली, मटणाचे तुकडे मांडायला लागली, आणि थांबा म्हणायचं विसरली. आच विझली. पातेलं खाली उतरलं. धुळाप्पा हलवतच होता. लोणी कोमट झालं, दाट झालं, पोपटाच्या पंखासारखं हिरवंगार झालं, आणि घरभर असा वास सुटला की परसातली शेळी दोरी ताणून दाराशी आली.

एवढ्यात आणखी कुणीतरी दाराशी आलं. बायका होत्या. सात-आठ जणी. सकाळी कोथिंबीर मिळाली, तेव्हा आता काय मिळतंय ते बघायला आल्या होत्या. गजराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात आलेल्या बायकांना रित्या हातानं कसं पाठवायचं? तिनं आतून हळूच सांगितलं, "आवं, थांबवा ते आता. डब्यात बत्तासे आहेत. बायकांना बत्तासे वाटा."

धुळाप्पानं दुसरी गाठ चाचपली. वाटायचं म्हणजे पाट्यावर. त्यानं बायकांसमोर पाटा ओढला, डबा उपडा केला आणि वरवंटा फिरवला. कर्र कर्र. बायका बघत राहिल्या. एकही बत्तासा शिल्लक राहिला नाही. पार गंध झाला.

"झाले वाटून," धुळाप्पा घाम पुसत म्हणाला.

सोनाकाकी म्हणाली, "चला गं बायांनो. हात एकीचा मोडलाय आणि डोकं दुसऱ्याचं."

बायका हसत हसत गेल्या. गजरा कपाळाला हात लावून म्हणाली, "आवं, माणसांना काही द्यायचं झालं की ते त्यांच्या हातावर ठेवायचं! सरळ तळहातावर!"

"कळलं. तळहातावर." तिसरी गाठ.

तेवढ्यात बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजले. म्हाळाप्पा आला. पाय धुतले, ओसरीवर घोंगडीवर बसला. समोर पाटा होता.

"जावईबापू, हे पांढरं काय?"

"बत्तासे आहेत, मामा."

"वाटलेत?"

"हो."

"का?"

"बायका आल्या होत्या."

म्हाळाप्पानं मिशीवरून हात फिरवला. मग त्यानं कमरेची चिलीम काढली, तंबाखू भरली आणि म्हणाला, "जरा विस्तव द्या."

धुळाप्पा आत गेला. चुलीतला चांगला लालबुंद निखारा चिमट्यात धरून बाहेर आला. "हात पुढं करा, मामा."

म्हाळाप्पाला वाटलं सुपारी देतायत. त्यानं तळहात पुढं केला, आणि मग खाली बघितलं. साठीचा माणूस, पण बसल्या जागेवरून जो उडाला तो थेट पाट्याच्या पलीकडं. निखारा घोंगडीवर पडला. घोंगडीतून धूर यायला लागला. धुळाप्पा चिमटा घेऊन तसाच उभा. हातावर ठेवायचा राहिला, आता काय करायचं?

गजरा आतून ओरडली, "बघत काय बसलात? काही तापलं, धूर निघायला लागला की आधी गार पाणी ओतायचं! विचारत बसायचं नाही!"

धुळाप्पानं पाणी ओतलं. घोंगडी विझली. त्यानं चौथी गाठ मारली आणि मनाशी म्हणाला, हे एक बरं समजलं.

म्हाळाप्पाचा चेहरा मात्र त्या निखाऱ्यासारखा झाला होता. तो गरजला, "गजरे! पेटी भर तुझी! या घरात तुला एक दिवसही ठेवायचं नाही!"

गजरा नवऱ्याला चुलीपाशी ओढून रडवेल्या आवाजात म्हणाली, "आता काय करायचं हो? बाबांचं डोकं तापलंय. असं तापलंय की नुसता धूर निघायचा बाकी आहे."

धुळाप्पानं विचारलं नाही. विचारत बसायचं नाही असं तीच म्हणाली होती. त्यानं कोपऱ्यातला हंडा उचलला, बाहेर गेला आणि मामांच्या डोक्यावर पालथा केला.

म्हाळाप्पा नखशिखांत भिजला. मिशा खाली लोंबल्या. पटका भिजून मानेवर आला. त्यानं तो काढला आणि पिळायला लागला. टक्कल उन्हात चकाकलं.

"गार झालं का, मामा?" धुळाप्पानं मायेनं विचारलं.

"बैल जुंपतो मी," म्हाळाप्पा एवढंच म्हणाला. अगदी हळू म्हणाला. तो हळू बोलायला लागला म्हणजे संपलं, हे गजराला लहानपणापासून माहीत होतं.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं नवऱ्याला शेवटचं सांगितलं, "आता एकच उपाय राहिलाय. बाबांजवळ जा. हात जोडा. जरा लोणी लावा त्यांना."

"किती?"

"किती काय! चांगलं भरपूर लावा. हात आखडू नका. ते हसेपर्यंत सोडू नका."

आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली. म्हणून पुढचं तिला दिसलं नाही.

धुळाप्पानं पातेलं उचललं. मामांपाशी गेला. सांगितल्याप्रमाणे आधी हात जोडले. मग पातेल्यात हात घातला आणि पहिला गोळा त्या चकाकत्या टकलावर ठेवला. नीट चोपडला. मग कानांमागं लावलं. मग कपाळाला. हात अजिबात आखडला नाही. गालांना लावलं, हनुवटीला लावलं, मिशांच्या दोन्ही टोकांना तर वेगवेगळं लावलं. म्हाळाप्पा पटका हातात धरून पुतळ्यासारखा उभा. साठ वर्षांत त्याला असं कुणी केलं नव्हतं, म्हणून काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

लोणी टकलावरून निघालं. भुवईपाशी थबकलं. नाकावरून घसरलं आणि मिशीत शिरलं.

म्हाळाप्पाची जीभ बाहेर आली. डाव्या बाजूला गेली. उजव्या बाजूला गेली. आत गेली. पुन्हा बाहेर आली.

"गजरे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

गजरानं पदर खाली केला, बापाकडं बघितलं आणि धपकन उंबऱ्यावर बसली.

"गजरे, हे तुझ्या आईच्या हातचं आहे गं."

"यांनी केलंय, बाबा. मला कुठं हात आहे?"

म्हाळाप्पानं पुन्हा मिशी चाखली. डोळे मिटून म्हणाला, "मीठ तेवढं कमी आहे."

धुळाप्पा धावत आत गेला, चिमूटभर मीठ घेऊन आला आणि मामांच्या डोक्यावर सारखं भुरभुरलं.

आता मात्र म्हाळाप्पाला हसू फुटलं. आधी मिशीत, मग पोटात. तो इतका हसला की बैल बिचकले. मामा हसले तसा धुळाप्पानं हात थांबवला.

मग निखाऱ्यावरचं मटण आलं, भाकरी आली. पातेलं रिकामं होतं, पण म्हाळाप्पाचं काही अडलं नाही. तो गरम तुकडा उचलायचा, एकदा गालावरून फिरवायचा आणि तोंडात टाकायचा. टक्कल भाकरीनं पुसून घेतलं. मानेमागचं राहिलं होतं, ते धुळाप्पानं दाखवलं.

जेवण झाल्यावर म्हाळाप्पा ढेकर देऊन म्हणाला, "जावईबापू, मी शब्दाचा पक्का आहे. जेवण तुमच्या हातचं जेवलो. पोर इथंच राहील." गजरानं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. तो पुढं म्हणाला, "पण एक अट आहे. दोन महिने हिला जपायचं. हिचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही."

"एवढंच ना, मामा? सोपं आहे." पाचवी गाठ.

म्हाळाप्पा गाडीत बसून गेला. गावाच्या वेशीपर्यंत माश्यांनी त्याला सोबत केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाकाकी आपला पाटा न्यायला आली. अंगणात कुणी नाही. ओसरीवर कुणी नाही. हाक मारली तर उत्तर वरून आलं. काकीनं मान वर केली. घराच्या छपरावर घोंगडी अंथरलेली, आणि घोंगडीवर गळ्यात हात बांधलेली गजरा बसलेली. शेजारी पाण्याचा तांब्या, ताटात भाकरी.

"अगं, तू वर काय करतेस?"

"राहिलेय," गजरा म्हणाली. "बाबा न्यायला आले होते. पण मी राहिले."

"मग उतर की खाली! शिडी कुठाय?"

"शिडी यांनी काढून ठेवलीय, काकी. म्हणाले, शिडीचा पाय जमिनीला लागतो."