गाढवाची डावी बाजू

एका गावात एक वैदीण होती, आणि आपण वैदीण आहोत हे ती कुणाला विसरू देत नसे. गाव डोंगराच्या पायथ्याशी, त्यामुळे झाडपाल्याला तोटा नाही. पण वैदिणीचा जीव एका काटेरी वेलीवर. तिचा पाला ठेचायचा, फडक्यातून रस पिळायचा आणि जनावराच्या जखमेला लावायचा. बैल असो की शेळी, जखम भरून यायचीच.

लावायची रीतही ठरलेली. आधी उकळून कोमट केलेल्या पाण्याने जखम धुवायची, स्वच्छ फडक्याने टिपायची, मग रस. जखम भरेपर्यंत जनावराला कामाला जुंपायचं नाही. वैदिणीच्या दारातून जनावर रसावाचून परत गेलं तर गावाला अपशकुन, असं तिच्या सासूच्याही सासूपासून चालत आलेलं. त्यामुळे रस लावलाच नाही तर काय होतं, हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं!

एके दिवशी राजाचा जासूद आला. म्हणाला, "बाई, पागेतल्या घोड्यांच्या पाठी खोगिराने सोलवटल्यात. अमावास्या झाली की तुम्हाला न्यायला पालखी येईल. औषधाला गुण आला तर तुम्ही राजवैदीण."

वैदीण अशी फुलली की लुगडं आखूड पडावं. तशीच ती शेजारच्या कुंभारणीकडे गेली. दोघी लहानपणच्या मैत्रिणी, आणि कुंभारणीची जीभ म्हणजे लवंगी मिरची.

"पालखी येतेय गं मला!"

"येऊ दे की. पण तुझ्या रसानेच गुण येतो हे कशावरून?"

"कशावरून? अख्खा गाव डोळ्यांनी बघतोय!"

"गाव तर रोज बघतो, कोंबडा आरवला की सूर्य उगवतो. म्हणून कोंबड्याला पालखी धाडायची होय?"

वैदिणीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "काय बघायचंय ते बघ. आण तुझं गाढव!"

कुंभारणीच्या गाढवाच्या दोन्ही कुशी मातीच्या गोणींनी सोलल्या होत्या. कुंभारीण म्हणाली, "दोन्हीकडं धू. पण रस उजवीकडंच लाव."

"आणि अपशकुन?"

"अर्धं गाढव तर रस लावूनच जाणार ना? उरलेल्या अर्ध्याचा अपशकुन माझ्या माथी."

तसं झालं. गाढव अंगणात बसून चारा खाऊ लागलं. दोघी रोज दोन्ही बाजू धूत आणि एका बाजूला रस लावत. थोड्याच दिवसांत डावी बाजू छान भरून आली. उजवी मात्र ओलीच. का? तर रस झोंबायचा, आणि गाढव ती बाजू भिंतीला घासायचं.

"तुझ्या गाढवाची डावी बाजू जात्याच चांगली असेल," वैदीण म्हणाली.

"हो गं बाई, डाव्या अंगाने ते राजघराण्यातलं आहे!"

मग तसंच दोन्हीकडं सोललेलं दुसरं गाढव आणलं. या वेळी रस डावीकडे लावला. आता उजवी बाजू भरली आणि डावी ते भिंतीला घासू लागलं. वैदीण त्या गाढवासमोर मटकन बसली. सासूच्या सासूपासूनचा रस, आणि तो नुसता झोंबतो!

कुंभारणीला मैत्रिणीची दया आली. हळूच म्हणाली, "अगं, मी कुठं बोलणार नाही. पाण्याने घोडे बरे होणारच आहेत. रस झोंबला तर दोन दिवस उशिरा होतील, एवढंच. तू पालखीत बस."

मोह वाईट असतो. पालखीचे गोंडे वैदिणीच्या डोळ्यांपुढे हलू लागले. मग गाढवाने पुन्हा कूस घासली, भिंतीला रक्ताचा डाग उमटला आणि तिचा तिलाच राग आला.

"तू बोलणार नाहीस गं," ती म्हणाली, "पण मला कळलंय ना! आता हा रस मी कुठल्या तोंडाने लावू?"

पालखी आली. वैदीण रिकाम्या हाताने दरबारात उभी राहिली आणि खणखणीत बोलली, "महाराज, माझा रस खोटा निघाला. गाढवावर पारखून आलेय. घोड्यांची खोगिरं उतरवा, उकळून कोमट केलेल्या पाण्याने पाठी धुवा, स्वच्छ फडक्याने टिपा आणि त्यांना स्वस्थ उभे राहू द्या."

दरबारी फिदीफिदी हसले. एक म्हणाला, "पाण्यासाठी वैदीण कशाला हवी?"

"पाणी तुमच्याकडंही होतंच की! मग घोडे अजून का कण्हतायत?"

राजा मिशीत हसला आणि तिने सांगितलं तसं करवून घेतलं. घोडे बरे झाले.

राजा म्हणाला, "बाई, माझ्याकडे औषधं विकायला पुष्कळ येतात. माझं औषध खोटं निघालं, असं सांगत आजवर कुणी आलं नव्हतं. राजवैदीण व्हाल?"

"होईन की! नाही कशाला म्हणू? पण तुमच्या ओझ्याच्या गाढवांच्या कुशी सोलल्या की ती गाढवं माझ्या अंगणात पाठवायची. डोंगरावर पाला पुष्कळ आहे. एकेकाचं खरंखोटं करायचंय."

तेव्हापासून वैदिणीच्या अंगणात गाढवांचा दरबार भरू लागला. एका बाजूला रस, दुसरी नुसती धुतलेली. जो पाला खोटा निघे त्याचं नाव ती स्वतः चावडीवर ओरडून सांगे. अशी नावं बरीच झाली. लोक हसत, "राजवैदिणीला एकही औषध येत नाही!" ती म्हणे, "तुम्हाला येतं का? मग गप बसा."

आणि एका सकाळी कुंभारीण शेणाच्या हातांनी धावत आली. "अगं ऊठ! त्या पांढऱ्या फुलाच्या पाल्याचा रस लावलेली बाजू बघ! दुसरी अजून ओली आहे आणि ही कोरडी ठणठणीत!"

वैदिणीला नाचावंसं वाटलं. पण ती नाचली नाही. पदर खोचत म्हणाली, "दुसरं गाढव आण. आणि या खेपेला रस उलट्या बाजूला."

तात्पर्य: गुण आला म्हणून लगेच औषधाची आरती ओवाळू नये, ते न लावता काय होतं तेही बघावं. आणि आपलंच खोटं ठरलं, तर ते आपणच आधी सांगावं.