सुईणमावशी आणि मोराची सायकल

लहानथोर सगळे ऐका. फार फार जुनी गोष्ट, इतकी जुनी की त्या राज्याचं नाव आता देवालाच ठाऊक.

त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात एक सुईण होती. हाताला यश, मनात श्रद्धा. वर डोंगरातल्या वाड्यांवर कुणी बाळंतपणाला अडली की हिलाच बोलावणं यायचं. अर्धी वाट राजरस्त्याची, गुळगुळीत. अर्धी रानातली, खडीची. ती पायीच जायची. एकदा मात्र पोहोचायला उशीर झाला आणि एक बाळंतीण गेली. सुईण तीन दिवस जेवली नाही.

गाव हळहळलं. "मावशीला सायकल घेऊन देऊ," असं ठरलं. सायकल चालवायला ती माहेरीच शिकली होती. पण गाव गरीब. घराघरातून पसापसा जोंधळा गोळा केला, तेव्हा कुठे दोन पोती भरली. त्यात बसेल तीच घ्यायची.

सायकली बनवणाऱ्या एका कारागिरानं तशा तीन सायकली पारापाशी आणून लावल्या. एक बारीक चाकांची, तिच्यावर मोर रंगवलेला. एक जाडजूड चाकांची, अगदी म्हैस. तिसरी मध्यम चाकांची, साधी, करड्या रंगाची.

जोंधळा सगळ्यांचा, मग चक्करही सगळ्यांची!

"माझा पसा मोठा होता, मी आधी!"

"अहो पाटील, उतरा आता, तीन फेऱ्या झाल्या!"

शेटजी म्हशीवर बसले आणि धापा टाकत उतरले. करडीकडे बघून पाटलीणबाई म्हणाल्या, "ही ना धड रस्त्याची, ना धड रानाची." मोराची मात्र पाराभोवती भिरभिर फिरली.

"हीच घ्या! गावाची शान!"

सुईण हळूच म्हणाली, "मला एकदा माझ्या वाटेनं नेऊन बघू द्या."

"आता आणखी काय बघायचं? अख्ख्या गावानं चक्कर मारली की!"

तिनं देवाचं नाव घेतलं, पिशवी अडकवली, मोराच्या सायकलवर बसली आणि पाराला वळसा न घालता थेट वेशीबाहेर गेली.

"अगंबाई! ही चालली कुठे?"

"अहो, सौदा व्हायचाय अजून!" कारागीर मागून ओरडत राहिला.

ऊन कलल्यावर ती परतली. सायकल तिच्या डोक्यावर होती! पुढचं चाक तळलेल्या पापडासारखं वाकडं. तिच्या दोन्ही गुडघ्यांतून रक्त.

"मावशी, हे काय हो?"

"रस्ता होता तोवर मी हिच्यावर बसले. खडी लागली, तशी ही माझ्यावर बसली."

कुणाला हसू आलं नाही. पाटलीणबाईंनी डोंगराकडे पाहिलं. "आणि आज वर कुणी अडली असती तर?"

पाटलांनी मान खाली घातली.

कारागीर पुढे आला. "चूक माझी. विकताना मी वाटच विचारली नाही. चाक मी सरळ करीन. मावशी, उरलेल्या दोन्ही तुम्हीच नेऊन बघा."

दुसऱ्या दिवशी तिनं तेच केलं. म्हैस रानात रमली, पण राजरस्त्यावर तिनं मावशीचा दम काढला. करडी रस्त्यावर बेताची पळाली, खडीवर बेतानं सावरली. एका चढाला उतरून ढकलावी लागली, पण तेवढंच.

"ही द्या," सुईण म्हणाली. या वेळी कुणी मधे बोललं नाही.

पंधरा दिवसांत वरच्या वाडीचा निरोप आला. करडी घेऊन मावशी निघाली. गाव वेशीवर उभं राहिलं. कुणी देव पाण्यात ठेवले, कुणी नुसतेच हात जोडले.

दुपारी ती दिसली. सायकलवर बसलेली, घामानं निथळलेली.

"मावशी, काय झालं?"

"लेक झाली. आणि आई पेज पितेय."

तात्पर्य: वाट ज्याची, पारख त्याची, चार लोकांच्या चकरेवरून आपली वस्तू निवडू नये.