भिंती नसलेल्या घराचं दार

चौकटीला वळसा घालून जाऊ नका, दारातूनच या. आजूबाजूला भिंती नाहीत हे मलाही दिसतंय; पण आमच्या पिंपळदऱ्यात कडेनं कुणी जात नाही. उंबरठा ओलांडा, त्या दगडी डोणीतलं पाणी प्या, मग सांगतो.

हे कुंभारगल्लीचं शेवटचं टोक. फार पूर्वी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांनी गावात आणलं, असं सांगतात. वेशीजवळच्या हौदापर्यंत ते सगळ्यांचं. तिथून पुढे घरापर्यंतचा नळ ज्याचा त्यानं घालायचा. शिवाय पंचांनी ठरवलं होतं की पाणी घेईल त्यानं सांडपाण्याची मोरीही ओढ्यापर्यंत स्वतःच बांधायची. हौदाला लागून राहणाऱ्यांना हे सोपं होतं. नियमही त्यांनीच केला होता म्हणे! टोकाच्या माणसाला मात्र पाणी घरापेक्षा महाग पडायचं.

या टोकाला साळूबाई कुंभारीण राहायची. नवरा गेलेला, पदरी येसू नावाचा एकुलता मुलगा. गावातले निम्मे नळ या मायलेकांनी भाजलेले, पण पाणी ती डोक्यावरून आणायची. येसूचं लग्न ठरलं तेव्हा मुलीच्या आईनं मानपान काही मागितलं नाही. जन्मभर हंडे वाहून त्या बाईची मान वाकली होती. ती एवढंच म्हणाली, "माझी लेक पाण्याला जाऊ नये." साळूबाईनं कपाळाला भंडारा लावून शब्द दिला.

गल्ली हसली. "कुंभाराची सून, आज ना उद्या उकिरड्यावर येणारच!" साळूबाईनं दारोदार जाऊन विनवलं, की ज्यानं त्यानं आपल्या दारापुढचा चर तेवढा खणून द्यावा. लोक म्हणाले, "नळ तुझा, खणनं बी तुझंच." मग मायलेकांनीच सगळी गल्ली खणली. घरातली माती नळाला पुरली; मोरी तशीच राहिली. तेवढ्यात अवेळी पाऊस झाला आणि जिथून कुंभार माती आणत ते तळं भरून गेलं. लग्न तोंडावर आलेलं. मोरीशिवाय पंच पाणी सोडीनात.

तेव्हा साळूबाईनं आपल्या घराकडे पाहिलं. भिंती सासऱ्यानं मळलेल्या चांगल्या मातीच्या होत्या. तिनं त्या उतरवल्या, भिजवल्या, चाळल्या आणि मोरीची खापरं घडवली. ती भाजायचा आवा पेटवायला सरपण ओलं होतं, म्हणून आढं आणि वासेही गेले. सुनेला माप ओलांडायला दार हवं, म्हणून चौकट तेवढी ठेवली.

लग्न इथंच लागलं. नवरीनं याच उंबरठ्यावरचं माप पायानं लवंडलं आणि ती आत आली. वर उघडं आभाळ, आणि समोर डोणीत नळाचं पाणी पडत होतं. तिची आई भोवताली बघत राहिली. म्हणाली, "इहीणबाई, घर कुठं हाय?"

"तुमी पानी मागितलं व्हतं," साळूबाई म्हणाली. "घर न्हवतं मागितलं."

त्या बाईनं साळूबाईला मिठी मारली आणि दोघी रडल्या. 'खणनं बी तुझंच' म्हणणारे तिथंच पंगतीला आले होते. दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या परसातल्या मातीची पाटी घेऊन आला, आणि गल्लीनं तिला घर बांधून दिलं. ते पलीकडचं, खापरी कौलांचं. जुनी चौकट मात्र साळूबाईनं हलवू दिली नाही. ज्याच्या घरी नळ नाही त्यानं इथं यावं, आणि दारातून यावं, घरच्यासारखं, असं ती म्हणाली म्हणे.

आता नगरपालिकेचे लोखंडी नळ आले, अर्ज आले, जोडणीचे दर आले. पण आजही या गल्लीत कुणी घर बांधलं, की घरधन्याला कुदळ हातात घेऊ देत नाहीत. नळाचा असो की मोरीचा, चर ज्याच्या दारापुढून जातो, तो आपल्या दारापुढचं खणतो. गेल्या वर्षी माझ्यासाठीही खणलं सगळ्यांनी. ज्याच्याशी माझं बोलणं नाही, त्यानंसुद्धा. आणि गल्लीत येणारी प्रत्येक सून आजही आधी याच दारात माप ओलांडते. डोणीतलं ओंजळभर पाणी पिते. मगच तिला तिचं घर दाखवतात.